वंध्यत्व : प्रश्न दोघांचा

बालरोगतज्ज्ञाचे काम बाळ जन्मल्यानंतर सुरू होते. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका नवजात बालकाचा इतिहास नोंदवताना त्याच्या मातेने सांगितले, "लग्नाला ९ वर्षे झाली, डॉक्टर." त्यांतील ७ वर्षे तिच्याच तपासण्या, औषधे आणि उपासतापास यांत गेली होती. पतीची वीर्यतपासणी आठव्या वर्षी झाली आणि दोष तेथे सापडला. तोवर ती नात्यातल्या बारशांना व डोहाळजेवणांना जाणेही टाळत असे.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वंध्यत्व हा जोडप्याचा प्रश्न आहे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे संपूर्ण वा अंशतः कारण असते. वीर्यतपासणी सोपी व वेदनारहित आहे. ती आरंभीच व्हावी. नियमित संबंध असूनही वर्षभरात गर्भधारणा न झाल्यास दोघांनी मिळून तज्ज्ञांकडे जावे. पत्नीचे वय ३५ वा अधिक असल्यास ६ महिनेच थांबावे. पाळी अनियमित असल्यास तेवढेही नको.

दुसरी गोष्ट जीवनशैलीची. तंबाखू शुक्रजंतूंची संख्या व गती घटवते. धूम्रपानाने स्त्रीच्या अंडाशयातील बीजसंचयही लवकर आटतो. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबू शकते. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून व्यसन सोडल्याचे फळ दिसण्यास तेवढा धीर धरावा. पॉलिसिस्टिक ओव्हरीचा विकार असलेल्या स्थूल स्त्रीचे वजन ५ ते १० टक्के घटले, तरी बीजोत्पत्ती पुन्हा सुरू होऊ शकते. फॉलिक आम्ल रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे. कारण बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो.

मात्र बंद गर्भनलिका व्यायामाने उघडत नाहीत आणि सरलेले वय पथ्याने परतत नाही. जीवनशैली उपचारांची सोबतीण आहे, पर्याय नव्हे. "ताण घेऊ नकोस, म्हणजे होईल" हा सल्ला तर दुःखी स्त्रीवर दोषाचे आणखी एक ओझे टाकतो.

घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे करावे : "गोड बातमी कधी?" हे सुनेला विचारू नये, आणि तिच्यासोबत मुलालाही तपासणीस पाठवावे.