बाळासाठी ससा विणायला घेतेस, तर...

नणंदेला मुलगी झाली आणि तू सुया काढून बसलीस, हे तुझ्या सासूबाईंकडून कळलं. छान केलंस, पण मावशीचं एवढं ऐकून घे. आणि चार-चार पानी नमुन्यांच्या नादी लागू नकोस. एका चौकोनाचा ससा होतो, तोच कर.

१. बारशाची तारीख गाठायला रात्री जागू नकोस, उष्टावणाला दिलास तरी चालेल — बारा दिवसांच्या बाळाला खेळण्याचं काय? तीन-चार महिन्यांनी कुठे ते आपणहून हात पुढे करतं.

२. दुकानात ‘लोकर’ मागितलीस की बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक हातात येईल; वाईट नाही, पण चघळायच्या वस्तूला मी सुती दोराच घेईन. केसाळ मोहेर मात्र नकोच, कितीही मऊ लागलं तरी — त्याचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात.

३. दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळून बघ — रंग जाणार असेल तर आजच कळू दे.

४. सुई वेष्टनावर लिहिलेल्या मापाहून बारीक घे. तिथे ४ मिलिमीटर असेल तर ३.२५ ची, म्हणजे १० नंबरची; या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, तेव्हा दुकानदारासमोर गोंधळू नकोस. सैल टाका, कापसाला झरोका — विणीतून पोटातलं सगळं बाहेर डोकावतं.

५. ३६ टाके घाल आणि सगळ्या सुया सुलट विण, उलटची भानगडच नको. साधारण सहा इंच झालं की कोपरा कोपऱ्याला लावून बघ — तिरकी घडी जुळली की चौकोन झाला, फूटपट्टी शोधायला नको.

६. आता खरी गंमत. चौकोनाच्या मधोमध आडवा धावदोरा घाल आणि त्याच्या दोन्ही टोकांकडून वरच्या कडेच्या मध्यापर्यंत ने, म्हणजे त्रिकोण होईल. त्रिकोणावर कापूस ठेवून दोरा ओढ: डोकं फुगतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. मग खालच्या कडा पाठीमागे जोडून पोट भरायचं. धावदोरा दुहेरी घे — एकेरी असला तर ऐन ओढताना तुटतो आणि तू माझ्या नावाने बोटं मोडत बसशील.

७. पॉलिएस्टरचा नवा कापूस आण आणि पिंजून थोडा थोडा भर. जुन्या उशीतला काढण्याची काटकसर इथे नको — साधा कापूस धुतला की गठ्ठे होतात, आणि पावसाळ्यात आतून वाळत नाही, कुबट वास येतो.

८. डोळ्यांना बटण नको, मणी नको, काळ्या दोऱ्याने भर. गळ्यात रिबीन आणि घुंगरूही नको — बघायला बारशाची मंडळी, चाखायला बाळ. आणि बाळाच्या चिकाटीपुढे आपली शिवण टिकेलच असं नाही.

९. शेपटीला गोंडा करायचा मोह होईल, पण त्याचा एकेक तंतू ओढून निघतो. छोटा गोळा विणून शिव.

१०. दोऱ्याचं प्रत्येक टोक विणीत दोन-तीन इंच मागेपुढे ओवून मगच काप. हे काम कंटाळवाणं आहे, आणि तू टाळशील हेही मला माहीत आहे — पण सुटा दोरा इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते चटकन कुणाला कळत नाही.

११. टाचण्या मोजून घे, मोजून डबीत ठेव. कारण सांगायला हवं का?

१२. देण्याआधी एकदा धू, पीळ आणि दोन्ही कान जोरात ओढ — जे सुटायचं ते तुझ्या हातात सुटू दे.

१३. उरलेला दोरा सशाबरोबरच नणंदेला दे — वर्षभरात एखादा कान तरी दुरुस्तीला येईलच.

१४. आणि देतानाच नणंदेला सांग, बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना पाळण्यात ससा ठेवायचा नाही — मऊ वस्तू नाकातोंडावर आली तर एवढ्याशा जिवाला ती बाजूला करता येत नाही. ‘शास्त्रापुरता पाळण्यात ठेवते’ असं कुणी म्हणालं तर फोटो काढू दे, आणि लगेच उचलून घे.