टेट्रिस : जागा राखण्याची कला

मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेइ पाजित्नोव यांनी १९८४ साली ‘टेट्रिस’ हा खेळ तयार केला. त्यात प्रत्येकी चार चौकोनांचे, सात निरनिराळ्या आकारांचे ठोकळे एकेक करून वरून खाली येतात. रुंदीला १० व उंचीला २० घरे असलेल्या पटावर खेळाडू ते फिरवून, सरकवून बसवतो. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. ठोकळ्यांचा ढीग वरच्या कडेला भिडला की खेळ संपतो.

नवखा खेळाडू हातातल्या ठोकळ्याचाच विचार करतो. जाणता खेळाडू पुढच्या ठोकळ्यासाठी जागा राखतो. म्हणून ठोकळ्याखाली पोकळी राहू न देणे, हा पहिला नियम होय. झाकले गेलेले एकच घर सबंध ओळ अडवून धरते.

ढिगाचा माथा शक्यतो सपाट असावा, हा दुसरा नियम. मात्र अगदी सपाट माथ्यावर नागमोडी ठोकळा कसाही ठेवला, तरी त्याखाली एक घर रिकामे राहतेच. त्यासाठी एका घराची पायरी राखून ठेवणे हिताचे असते.

तिसरा नियम लाभाचा आहे. कडेचा एक रकाना मोकळा ठेवून उरलेले नऊ भरत न्यावेत. मग लांब उभा ठोकळा येताच चार ओळी एकदम नाहीशा होतात. निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ सालच्या खेळात पहिल्या पातळीवर एका ओळीला ४० गुण मिळतात, तर एकदम चार ओळींना १,२००. परंतु ढीग बराच वर चढला असेल, तर हा मोह आवरून मिळेल ती ओळ पुरी करावी.

नागमोडी ठोकळ्यांचे दोन प्रकार आहेत. तेच आलटून पालटून येत राहिले, तर कुशल खेळाडूचाही पट अखेर भरतोच, हे गणितज्ञ हायडी बर्गिएल यांनी १९९७ साली दाखवून दिले. कोणता ठोकळा यावा, हे खेळाडूच्या हाती नसते. आलेला ठोकळा कोठे ठेवावा, एवढेच त्याच्या हाती असते.

पाठगत प्रश्न

१. एक झाकलेले घर सबंध ओळ कशी अडवते?
२. नऊ रकाने चार ओळींपर्यंत पोकळीविना भरण्यास किती ठोकळे लागतील?
३. चार ओळींचा मोह केव्हा आवरावा? का?