वारुळाचा श्वासोच्छ्‌वास

शेताच्या बांधावरील वारूळ तुम्ही पाहिलेच असेल. ते सर्पाचे घर होय असा समज आहे. वस्तुतः ते बांधते वाळवी. जमिनीखाली असंख्य कीटक व त्यांनी जोपासलेली बुरशी अहोरात्र प्राणवायू वापरत असतात. तरीदेखील वरील मनोऱ्यास एकही खिडकी नसते! मग हवा खेळते कशी?

वारूळ हे धुराडेच होय, तापलेली हवा त्यातून वर निघून जाते, असे पूर्वी मानीत. याच कल्पनेतून स्फूर्ती घेऊन वास्तुशिल्पी मिक पिअर्स यांनी झिंबाब्वेच्या हरारे शहरात ईस्टगेट सेंटर उभारले (१९९६). तेथे रात्रीची थंड हवा पंख्यांद्वारे आत घेऊन काँक्रीट निववले जाते; दिवसा खोल्या त्यामुळे शीतल राहतात. इमारत यशस्वी ठरली, वारुळाविषयीची कल्पना मात्र अपुरी होती.

बंगळूर येथील वारुळांत प्रत्यक्ष मोजमाप करून संशोधकांनी २०१५ साली काय दाखवले, ते पाहा. मनोऱ्याच्या बाहेरील पातळ कडा दिवसा मध्यभागाहून लवकर तापतात. तेथील हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात व प्रवाह उलटतो. दिवसभर साठलेला कर्बवायू तेव्हाच सच्छिद्र भिंतींतून बाहेर झिरपतो.