निवडून आल्यानंतरचा महिना : विद्यार्थी प्रतिनिधीचं काम मुलांना कसं शिकवावं?



जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बऱ्याच शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज भरले जातात, चिन्हं मिळतात, वर्गावर्गांतून प्रचार होतो, मोबाईलवरच्या मतदान यंत्रावर बटण दाबलं जातं, बोटाला शाई लागते. मुलं खूश, आपणही खूश. शपथविधीचे फोटो ग्रुपवर जातात. आणि पुढे? मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली राहतात आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुलंसुद्धा ती विसरून जातात.

मतदान कसं करायचं हे आपण मुलांना छान शिकवतो. पण निवडून आलेल्याने नंतर करायचं काय, हा पाठ बहुतेक वेळा राहून जातो. आजचा लेख त्या राहिलेल्या पाठाबद्दल आहे. त्यासाठी आधी मोठ्या मुलांच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात हे काम कसं चालतं ते पाहू, मग आपल्या शाळेसाठी महिन्याचं नियोजन पाहू.

एका पदाधिकाऱ्याचा धावपळीचा महिना

ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं उदाहरण घेऊ, कारण तिथे विद्यार्थी संघाचं काम हे चक्क नोकरीसारखं असतं. निवडून आलेले मुख्य पदाधिकारी एक वर्ष शिक्षण थांबवून किंवा पदवी झाल्यावर पूर्ण वेळ हेच काम करतात आणि त्यांना पगार मिळतो. त्यांना सॅबॅटिकल ऑफिसर म्हणतात. १९९४ च्या शिक्षण कायद्यानुसार तिथे प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी लागते, संघाच्या खर्चाचा हिशोब विद्यार्थ्यांना पाहायला मिळावा लागतो आणि अशा पगारी पदावर कोणालाही दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येत नाही.

बऱ्याच ठिकाणी ही निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. समजा, एक पदाधिकारी दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा उभी आहे. तिचा महिना कसा जाईल?

पहिल्या आठवड्यात अर्ज आणि जाहीरनामा. उमेदवारांची बैठक होते, नियम सांगितले जातात. ती आधीच पदावर असल्यामुळे संघाचं ऑफिस, छपाईयंत्र, ईमेल यादी तिला प्रचारासाठी वापरता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रचार. प्राध्यापकांची परवानगी घेऊन तास सुरू होण्याआधी एक-दोन मिनिटं बोलायचं, कॅन्टीनबाहेर थांडीत उभं राहायचं, उमेदवारांच्या जाहीर प्रश्नोत्तरांत उत्तरं द्यायची. मतदान ऑनलाइन आणि काही दिवस चालतं. मतपत्रिकेवर 'पुन्हा अर्ज मागवा' असाही पर्याय असतो. आपल्याकडे २०१३ पासून 'नोटा' आहे, त्याच्या जवळचाच हा प्रकार. फरक एवढाच की तिथे हा पर्याय जिंकला तर निवडणूक खरोखर पुन्हा घेतात.

पण या सगळ्या गडबडीत तिचं चालू वर्षाचं काम थांबत नाही. प्रत्येक वर्गाच्या प्रतिनिधींना भेटून तक्रारी ऐकायच्या : निबंध तपासून मिळायला उशीर होतो, परीक्षेच्या काळात ग्रंथालय लवकर बंद होतं, वसतिगृहाचं भाडं वाढलं. मग त्या तक्रारींची टिपणं करून विद्यापीठाच्या समितीत मांडायच्या. तिथे समोर वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठी माणसं बसलेली असतात. आदल्या रात्री जाडजूड कागद वाचून जावं लागतं. आणि शेवटी विद्यार्थ्यांच्या सभेपुढे उभं राहून सांगायचं, की काय झालं, काय झालं नाही आणि का.

प्रचार सगळ्यांना दिसतो, बैठका कोणाला दिसत नाहीत. पण ग्रंथालय दोन तास जास्त उघडं राहायचं असेल तर ते ठरतं बैठकीतच.

आपल्याकडचे नियम

भारतात विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समिती नेमली गेली होती. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह तिचे अध्यक्ष. तिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. काही ठळक नियम असे :

- उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये.
- छापील पोस्टर चालणार नाही. हाताने केलेलं पोस्टर, तेही ठरवून दिलेल्या जागीच.
- अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळी प्रक्रिया १० दिवसांत पूर्ण.
- उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली, यांपैकी जी जास्त असेल ती.
- पदाधिकारी पदासाठी एकदाच उभं राहता येईल.
- निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब द्यायचा.

नियम कागदावर चांगले आहेत, पाळले जातातच असं नाही. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचं मतदान २७ सप्टेंबरला झालं. पण प्रचारात भिंती आणि सार्वजनिक जागा इतक्या विद्रूप केल्या होत्या, की त्या स्वच्छ होईपर्यंत मतमोजणी करू नका असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. निकाल लागला २५ नोव्हेंबरला! वरच्या वर्गांना ही गोष्ट जरूर सांगा. मुलं लगेच विचारतात, "मॅडम, मग भिंती कोणी पुसल्या?" प्रश्न बरोबर जागेवर येतो.

महाराष्ट्राची गोष्ट

१९८९ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी ६१ वी घटनादुरुस्ती लागू होऊन मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या १२ व्या कलमात म्हटलंय, की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना आपलं मत मांडायचा हक्क आहे आणि वयाप्रमाणे त्या मताला महत्त्व दिलं पाहिजे. भारताने हा करार १९९२ मध्ये मान्य केला.

आणि त्याच १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पैसा आणि गुंडगिरी कॉलेजात शिरली होती. पुढे राज्यात थेट विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या आणि गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. म्हणजे १८ वर्षांचा मुलगा खासदार निवडू शकत होता, पण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नव्हता. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीरही झालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेल्या.

पालकांना निवडणुकीची भीती वाटते ती उगाच नाही. पण माझ्या मते भीतीवरचा उपाय लहानपणीच सुरू व्हायला हवा. पद म्हणजे मिरवणूक असं ज्याला दहाव्या वर्षी वाटलं, तो विसाव्या वर्षीही मिरवणूकच काढणार. पद म्हणजे वही, बैठक आणि उत्तर देणं, हे ज्याने दहाव्या वर्षी अनुभवलं, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवता येते.

वर्गातलं एक उदाहरण

आमच्या शाळेत मंत्रिमंडळ निवडून आल्यावर आरोग्यमंत्री झालेल्या पाचवीच्या मुलीला मी एक वही दिली. मधल्या सुट्टीत फिरून मुलांची गाऱ्हाणी लिहायची, एवढंच काम. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं : मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. आम्हा मोठ्यांपैकी कोणापर्यंत ही गोष्ट पोचली नव्हती, कारण मुली सांगायला लाजत होत्या आणि त्यामुळे दिवसभर पाणी कमी पीत होत्या.

शनिवारच्या बैठकीत विषय निघाला, इतिवृत्तात लिहिला गेला, दोघी जणी मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर म्हणाले, अनुदान आलं की पहिल्यांदा कडी बसवू. दोन शनिवार गेले. कडी नाही. मुली रोज तिला विचारायच्या, "कधी बसणार गं?" ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, "मॅडम, मला मंत्री नाही राहायचं." मी म्हटलं, जे खरं आहे तेच परिपाठात सांग. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "कडी अजून बसली नाही. सर अनुदानाची वाट बघतायत. तोपर्यंत दोघी-दोघींनी जायचं, एकीने बाहेर थांबायचं. मी पुढच्या शनिवारी परत विचारणार आहे."

तिसऱ्या शनिवारनंतर एका पालकांनी स्वतः येऊन कडी बसवून दिली. मुलीने घरी सांगितलं होतं म्हणे. पण मला विचाराल तर त्या मुलीचं खरं काम परिपाठातच झालं होतं. काम झालं नाही हे लोकांपुढे उभं राहून सांगायला फार धीर लागतो.

आपल्या शाळेसाठी चार आठवड्यांचं नियोजन (इयत्ता ४ थी ते ७ वी)

पहिला आठवडा : ऐकणे. प्रत्येक मंत्र्याला एक वही. रोज पाच मुलांशी बोलायचं, त्यांत किमान दोन मुलं न बोलणारी हवीत. फक्त लिहायचं, आश्वासन द्यायचं नाही.

दुसरा आठवडा : बैठक. शनिवारी अर्धा तास. गाऱ्हाण्यांचे तीन गट करायचे : आपण स्वतः करू शकतो, शिक्षक करू शकतात, ग्रामपंचायत किंवा पालकांची मदत लागेल. इतिवृत्ताचा साधा नमुना फळ्यावर लिहून द्या : तारीख, हजर कोण, विषय, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवायचे नाहीत.

तिसरा आठवडा : पाठपुरावा. मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा. एखादा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाच मिनिटं मांडू द्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे मुलांना तिथे ओळखीचेच चेहरे दिसतात.

चौथा आठवडा : उत्तर देणे. परिपाठात प्रत्येक मंत्र्याने तीन वाक्यं बोलायची : काय झालं, काय राहिलं, पुढे काय करणार. मुलांनी प्रश्न विचारायचे. टाळ्या सगळ्यांसाठी, काम अर्धवट राहिलेल्यासाठीसुद्धा.

यातून अर्जलेखन, अहवाललेखन, नागरिकशास्त्र आणि मतांच्या टक्केवारीमुळे गणितसुद्धा होऊन जातं. वेगळा तास काढावा लागत नाही.

पालकांना एक विनंती

मूल निवडणुकीला उभं राहिलं की घरून चॉकलेटं वाटायला देऊ नका. त्यातून मत विकत मिळतं एवढंच ते शिकेल. पोस्टर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याला स्वतः करू द्या. आणि जिंकून घरी आलं, तर "किती मतं पडली?" यानंतर "आता काय काम करणार?" हेही विचारा. हरलं, तर सांगा की वहीत गाऱ्हाणी लिहायला मंत्रीच असावं लागतं असं काही नाही.

यंदा शपथविधीचा फोटो जरूर काढा, पण महिन्याभराने इतिवृत्ताच्या वहीचाही एक फोटो काढून ग्रुपवर टाका. इतर शाळांना त्याचा जास्त उपयोग होईल.