अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' अशी आपल्याकडे म्हण आहे. हसण्यापुरती ती ठीक आहे. पण आपल्या खामगाव तालुक्यात पुष्कळ माणसे या लाजेपायी दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. बाई सासूला सांगत नाही. गडी बायकोला सांगत नाही. डॉक्टरपुढे बसले तरी 'पोट बिघडलंय' एवढेच म्हणतात आणि पोटाची गोळी घेऊन परत येतात. म्हणून या धड्यात त्या जागेचे नाव आपण सरळ लिहू. तिला गुदद्वार म्हणतात. हा शब्द एकदा मोठ्याने वाचा. गु-द-द्वा-र. डॉक्टरांना सांगताना तो उपयोगी पडेल.

आतड्याच्या शेवटच्या पाच-सहा इंच भागाला गुदाशय म्हणतात. तेथे मळ येऊन थांबतो. त्याच्या पुढे दीड इंचाचा अरुंद मार्ग आहे. त्याभोवती स्नायूंची दोन कडी आहेत. आतले कडे आपोआप चालते. बाहेरचे आपल्या ताब्यात असते. वावरात काम करताना परसाकडे लागली तर आपण धरून ठेवतो, ते या बाहेरच्या कड्याच्या जोरावर. मार्गाच्या आतल्या अंगाला रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या असतात. बाटलीचे बूच घट्ट बसावे म्हणून आपण त्याला चिंधी गुंडाळतो ना, तसे त्यांचे काम. या गाद्या धडधाकट माणसालाही असतात.

याच गाद्या फुगल्या आणि खाली सरकल्या म्हणजे मूळव्याध झाली. लोक त्याला मोड म्हणतात. शौचाला बसून फार कुंथले, मळ नेहमी कडक राहिला, तर गाद्या सैल होतात. गरोदर बाईला हा त्रास पुष्कळदा होतो व बाळंतपणानंतर बहुधा कमी होतो. मोबाईल घेऊन अर्धा अर्धा तास संडासात बसणारेही आता याला बळी पडतात. मूळव्याधीची खूण अशी की रक्त लालभडक पडते, कधी थेंब थेंब, कधी पिचकारीसारखे, पण दुखत नाही. पहिल्या पायरीत मोड आतच असतो. दुसऱ्या पायरीत तो बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्या पायरीत बोटाने ढकलावा लागतो. चौथ्या पायरीत तो आत जातच नाही.

येथे तिखटाबद्दल एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे सगळा दोष ठेच्यावर टाकतात. तिखटाने आग होते हे खरे. पण ठेचा-भाकर खाणारा माणूस वाटीभर भाजी आणि तांब्याभर पाणी जास्त घेईल, तर त्याचे मोड निम्मे कमी त्रास देतील, असे मला वाटते. ज्वारीच्या भाकरीत कोंडा असतो. मैद्याच्या पावात आणि बिस्किटात तो नसतो. भाकर सोडून चहा-पावावर दिवस काढणाऱ्या पोरांना हे कोणी तरी सांगायला हवे.

दुसरा रोग म्हणजे गुदद्वाराची चीर. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. हा रोग आमच्या कापूस वेचणाऱ्या बायांचा आहे. २०१४ नंतर गावोगाव संडास झाले, पण वावरात संडास कुठला? उघड्यावर बसावे लागू नये म्हणून बाई सकाळपासून पाणीच कमी पिते. आलेली परसाकडे दाबून ठेवते. मळ सुकतो, खड्यासारखा होतो आणि बाहेर पडताना कातडी फाडतो. मग काच लागल्यासारखी कळ येते आणि ती तास-दोन तास राहते. कागदावर किंवा मळावर रक्ताची बारीक रेघ दिसते. त्या भीतीने बाई दुसऱ्या दिवशी जातच नाही. मळ आणखी सुकतो, आतले कडे आखडते, चिरेला रक्त पोचत नाही, ती भरत नाही. एका बाईने मला सांगितले होते, 'गुरुजी, बाळंतपण सोपं वाटलं.' तिला ऑपरेशन लागले नाही. इसबगोल, भरपूर पाणी, डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम आणि दिवसातून दोन-तीनदा घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटे बसणे, एवढ्यावर ती दीड-दोन महिन्यांत बरी झाली. ताज्या चिरा बहुतेक अशाच भरतात. जुनी झालेली चीर मात्र हट्टी असते. तेव्हा सर्जन आतल्या कड्याचा थोडा भाग कापून ते सैल करतात. ऑपरेशन छोटे आहे. पण वारा धरण्याची ताकद काही जणांत थोडी कमी होऊ शकते, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरा रोग भगंदर. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी पिकते आणि बाजूला गळू येते. गळवाला ठणका लागतो, ताप येतो, बसवत नाही. हे गळू कापून पू काढलाच पाहिजे. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. ज्याला मधुमेह आहे त्याने तर एक दिवसही थांबू नये. गळू फुटले की माणसाला बरे वाटते. पण पुष्कळदा आतून बाहेरपर्यंत एक बोगदा राहून जातो. तो कधी बंद होतो, कधी वाहतो, कपडे खराब करतो. हेच भगंदर. त्याला मलम लावणे म्हणजे उंदराच्या बिळाच्या तोंडाला शेण लिंपणे. बीळ आत तसेच राहते.

हा रोग राजालाही सोडत नाही. फ्रान्सचा चौदावा लुई हा मोठा प्रतापी राजा. इकडे संभाजी महाराज गादीवर होते, त्याच काळातला. त्याला भगंदर झाले. लेप झाले, मलमे झाली, काही चालले नाही. १६८६ च्या नोव्हेंबरात त्याच्या फेलिक्स नावाच्या शस्त्रवैद्याने ते कापले. त्या काळी भूल नव्हती. फेलिक्सने आधी गोरगरीब रोग्यांवर हात बसवला, मग राजाला हात लावला. राजा बरा झाला. त्या गोरगरिबांची विचारपूस कोणी केली असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे सुश्रुताने मूळव्याध आणि भगंदर यांची गणना आठ महारोगांत केली आहे. त्याच्या ग्रंथात क्षार लावलेल्या दोऱ्याचाही उल्लेख आहे. या क्षारसूत्राला काशीच्या हिंदू विद्यापीठातील वैद्यांनी १९६० नंतर पुन्हा वापरात आणले. दोऱ्यावर स्नुही या निवडुंगासारख्या झाडाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटे देतात. आघाडा तुम्हाला ठाऊक आहे, गणपतीच्या पत्रीत असतो. दोरा बोगद्यातून ओवतात आणि आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. यात कड्याला धक्का कमी बसतो. मात्र आठवडे लागतात, आणि हे काम शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याचेच आहे. सर्जन साध्या भगंदरात बोगदा उघडा करून तळापासून भरू देतात. बोगदा कड्यातून खोल गेला असेल तर मशीनवर चित्र काढून मग ठरवतात.

आता स्टँडजवळच्या पाट्यांविषयी. 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, एका दिवसात गॅरंटी' अशी पाटी वाचता आली, की तिच्याखाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का तेही वाचा. माझ्या ओळखीचे एक दिवाणजी अशाच एका पाटीवाल्याकडे दीड वर्ष जात होते. पुड्या आणि इंजेक्शने चालू होती. रक्त पडायचे, शौचाची सवय बदलली होती, गेल्यासारखे वाटायचे पण पोट साफ होत नव्हते, वजन उतरले होते. दीड वर्षात त्या माणसाने एकदाही आत बोट घालून तपासले नाही. नागपूरला नेले तेव्हा कळले की तो गुदाशयाचा कर्करोग होता. फार उशीर झाला होता. म्हणून चाळिशीनंतर रक्त पडू लागले तर ती मूळव्याधच आहे असे घरच्या घरी ठरवू नका. रक्त काळपट असेल, शेम पडत असेल, मळ बारीक येत असेल, घरात कोणाला हा रोग झाला असेल, तर त्याच आठवड्यात जा.

तपासणीत काय करतात याची भीती असते. डाव्या कुशीवर निजवतात. मोज्यात हात घालून, तेल लावून एक बोट आत घालतात. मग एक आखूड नळी घालून पाहतात. दोन-तीन मिनिटांचे काम. बाईमाणसाने सोबत नर्सबाई हव्यात असे बेलाशक सांगावे. आपल्या सामान्य रुग्णालयात शस्त्रक्रियेचा विभाग कुठे ते खिडकीवर विचारा. सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. तेथून अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठीही मिळू शकते.

मूळव्याधीच्या पहिल्या पायऱ्यांत चाकू लागत नाही. खाणेपिणे सुधारून न भागले तर मोडाच्या मुळाशी इंजेक्शन देतात किंवा रबराचे बारीक कडे बसवतात. रक्त तुटल्याने मोड आठवड्या-दीड आठवड्यात गळून पडतो. मोठे मोड कापून काढतात किंवा यंत्राने वर ओढून टाचतात. लेसरची जाहिरात हल्ली फार आहे. लेसर हे एक हत्यार आहे, त्याचा खर्चही जास्त. माझ्या मोडाला ते का हवे, एवढे विचारावे.

कापून काढले तर पहिले शौच दुखते. वेदनेची गोळी वेळेवर घ्या आणि मळ मऊ ठेवा. रोज कोमट पाण्यात बसा. थोडे रक्त दिसणे चालते. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. हमालाने पोते कधी उचलायचे ते सर्जनला विचारून ठरवावे. घरी जाताना एक कार्ड मिळते. त्यावर रोगाचे नाव, ऑपरेशनची तारीख आणि पुन्हा येण्याची तारीख असते. ते तिथेच उभे राहून वाचा. अक्षर लागत नसेल तर नर्सबाईंकडून वाचून घ्या आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.