धुंडिराज म्हणजे कोण?

प्रश्न : आमच्याकडे महिन्याभरापूर्वी नातू झाला. जुनी खरेदीखतं चाळताना सुनेला माझ्या आजेसासऱ्यांचं नाव दिसलं, धुंडिराज. ते तिला इतकं आवडलं की बाळाचं नाव हेच, असं तिनं जाहीर करून टाकलं. घरात तेव्हापासून दोन तट आहेत. नणंदबाई म्हणतात, हे धोंडू-दगडू यांच्यातलंच नाव, शाळेत पोराला धोंड्या म्हणतील. जावई म्हणतात, ‘धुंद’वरून आलं असणार. खरं काय? या नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि हल्ली ते कानावर का पडत नाही?
– एक आजी, सांगली

उत्तर : नणंदबाईंचा अंदाज चुकला आणि जावईबापूंचाही. धुंडिराज हे गणपतीचं नाव आहे, तेही काशीच्या गणपतीचं. मूळ संस्कृत रूप ढुण्ढिराज. ‘ढुण्ढ्’ म्हणजे शोधणे. हिंदीत त्याचंच ‘ढूँढना’ झालं आणि मराठीत ‘धुंडणे’, ‘धुंडाळणे’. तुमच्या सुनेनं कपाटातली कागदपत्रं धुंडाळली आणि धुंडिराज हाती लागला. एवढी चपखल नावनिवड क्वचितच होत असेल.

नावाची कथा स्कंदपुराणाच्या काशीखंडात आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. पृथ्वीवर मोठं अवर्षण पडलं. ब्रह्मदेवानं दिवोदास नावाच्या राजाला राज्य सांभाळायची गळ घातली. राजा म्हणाला, सांभाळतो, पण देवांनी पृथ्वी सोडून जायचं. झालं, शंकरालाही काशी सोडून मंदार पर्वतावर जावं लागलं. तिथं त्याला काही चैन पडेना. राजाच्या कारभारात खोट सापडली तर परतता येईल, म्हणून त्यानं आधी योगिनींना पाठवलं, मग सूर्याला, मग खुद्द ब्रह्मदेवाला, मग आपल्या गणांना. खोट कुणालाच सापडली नाही. उलट काशी इतकी आवडली की जो गेला तो तिथलाच झाला. ब्रह्मदेवानं तर त्याच राजाच्या मदतीनं दहा अश्वमेध केले. दशाश्वमेध घाटाचं नाव त्यावरून पडलं, असं सांगतात.

शेवटी गणपती गेला. त्यानं म्हाताऱ्या ज्योतिषाचं सोंग घेतलं, घरोघरी लोकांच्या स्वप्नांचे अर्थ सांगू लागला आणि बायाबापड्यांचा विश्वास मिळवत थेट अंतःपुरात पोचला. राणी लीलावतीनं राजाकडे त्याची शिफारस केली. राजानं भविष्य विचारलं. ज्योतिषीबुवा म्हणाले, आजपासून अठराव्या दिवशी उत्तरेकडून एक ब्राह्मण येईल, तो सांगेल ते ऐक. अठराव्या दिवशी त्या वेषात विष्णू आला, त्याच्या उपदेशानं राजा विरक्त झाला आणि शंकराला काशी परत मिळाली. त्या आनंदात शंकरानं मुलाला जी नावं दिली, त्यांतलं हे एक. सगळे अर्थ धुंडून काढणारा, म्हणून धुंडी.

काशीतले छप्पन्न विनायक प्रसिद्ध आहेत. आठ दिशांना आठ, अशी त्यांची एकात एक सात वर्तुळं कल्पिली आहेत. या साऱ्यांचा प्रमुख धुंडिराज. त्याचं स्थान विश्वनाथाच्या देवळापाशी, अन्नपूर्णेच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत. देऊळ म्हणावं तर अगदी छोटं. पण जुन्या चालीचे यात्रेकरू आधी त्याला नमस्कार करून मग विश्वनाथाकडे वळतात.

आता हे काशीचं नाव सांगलीच्या खरेदीखतावर कसं आलं? महाराष्ट्र आणि काशी यांचं जाणंयेणं फार जुनं आहे. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यानं काशीत पिढ्यान्‌पिढ्या विद्येचं ठाणं मांडलं. त्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. पुढे अहिल्याबाईंनी 1780 मध्ये विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. काशीला गेलेला माणूस गंगेचं पाणी आणायचा, तशी नावंही आणायचा. काशीच्या देवतांना वंदन करणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. त्यात विश्वेश, माधव, धुंडी, दंडपाणी, भैरव, काशी, गंगा, भवानी, मणिकर्णिका अशी माळच आहे. दंडपाणी तेवढा वगळा, बाकी जवळजवळ सगळे मराठी घरांत नांदले. काशीत जन्मलेल्या मनू तांबेचं नाव मणिकर्णिका. पुढे ती झाशीची लक्ष्मीबाई झाली.

नाव जुनं किती, याला लेखी पुरावे आहेत. ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा ग्रंथ आजही ज्योतिषांच्या हाताशी असतो. त्याचा कर्ता ढुंढिराज, सोळाव्या शतकातला, गोदाकाठच्या पार्थपूरचा. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातली पाथरी, असं मानतात. ज्योतिषाचं सोंग घेतलेल्या देवाचं नाव एका खऱ्या ज्योतिषाला मिळालं, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. तंजावरला भोसल्यांचं राज्य असताना 1713 मध्ये ‘मुद्राराक्षस’ नाटकावर टीका लिहिणारे पंडितही ढुंढिराजच. आणि श्रावणात घरोघर वाचला जाणारा ‘नवनाथ भक्तिसार’? त्याचा कवी मालू जागोजाग आपण धुंडीचा मुलगा असल्याचं सांगतो. हा ग्रंथ शके 1741 चा, म्हणजे इसवी सन 1819 चा. तुम्ही पोथी वाचत असाल, तर हे नाव चाळीस अध्यायांत कितीदा तरी तुमच्या तोंडून गेलं असेल.

पण या नावाचा सगळ्यांत मोठा मानकरी कोण, हे विचारलं तर बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. दादासाहेब फाळके. 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी संस्कृत पंडिताच्या घरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास सुरू झाला. 1969 पासून त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो, पण तोही ‘दादासाहेब’ नावानं. धुंडिराज राहिला पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरता.

या नावाचं असंच होत आलं. आपल्याकडे थोरल्याला नावानं हाक मारायची नाही आणि बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज घ्यायचं नाही. त्यामुळे धुंडिराज कागदावर राहिले आणि घरात अण्णा, अप्पा, तात्या झाले. तुमच्या आजेसासऱ्यांनाही घरात कुणी धुंडिराज म्हटलं नसावं, अशी माझी खात्री आहे. वारकऱ्यांमध्ये मात्र या जातीचं एक नाव उघडपणे गाजलं, कीर्तनकार धुंडामहाराज देगलूरकर यांच्यामुळे.

आता नणंदबाईंच्या शंकेकडे. धोंडो, धोंडू ही नावं निराळ्या मुळाची. धोंडा म्हणजे दगड. आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी असं नाव ठेवायचं, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही आणि मृत्यूची नजरही त्याच्यावरून पुढं सरकते, असा समज होता. तेही नाव काही कमी प्रतीचं नव्हे. महर्षी कर्वे धोंडो केशव होते, 104 वर्षं जगले आणि 1958 मध्ये भारतरत्न झाले. 1857 मधले नानासाहेब पेशवे धोंडोपंत. पण दोन्ही नावांची गल्लत मात्र सतत होत आली, आणि माझ्या मते धुंडिराज मागं पडला तो याच गल्लतीपायी. मुलाला लाडानं धुंडू म्हणावं, तर ऐकणाऱ्याला धोंडूच ऐकू येतं. धोंडू गेला तसा बिचारा धुंडिराजही त्याच्या मागोमाग गेला.

‘धुंद’शी त्याचा काही संबंध नाही. होळीच्या कथेतली ढुंढा राक्षसीही वेगळी. तिला पोरं आरडाओरडा करून गावाबाहेर हाकलतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण बारशाला जमलेल्यांत तिची आठवण काढणारं कुणी ना कुणी निघतंच.

लोकप्रियतेचं म्हणाल, तर दरवर्षी कोणतं नाव किती मुलांना ठेवलं याची सरकारी यादी आपल्याकडे निघत नाही. जे दिसतं त्यावरून सांगतो. गणपतीच्या नावांची आपल्याकडे लाटच असते. एका पिढीत गजानन आणि विनायक होते, पुढं प्रथमेश आणि ओंकार आले, मग अथर्वची गर्दी झाली. हेरंब कमी असला तरी टिकून आहे. धुंडिराज यांतल्या कुठल्याही लाटेत सापडला नाही. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर मात्र ते नाव अजून ओळखीचं आहे. छोट्या विनोदी कवितांसाठी नावाजलेले कन्नड कवी डुंडिराज उडुपी भागातलेच.

‘धोंड्या म्हणतील’ ही भीती खोटी नाही, पण शाळेतली पोरं कुठल्याही नावाचं काहीही करतात. अथर्वचंही करतात. शिवाय पृथ्वीराज, शिवराज, युवराज आजही चालतात, तेव्हा ‘राज’ अशी हाक तयारच आहे. आजीनं पूर्ण नावानं हाक मारली तर फारच चांगलं.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘धुंडिराज’ लिहिताना ‘डि’ ऱ्हस्व, कारण मूळ शब्द ढुण्ढि आहे. पुष्कळ जण ‘धुंडीराज’ लिहितात. जन्मदाखल्यावर एकदा जे जाईल ते आधार कार्डापासून पासपोर्टापर्यंत तसंच जाईल, म्हणून आधी ठरवा. काही जण ‘ढुंढिराज’ असंही लिहितात, पण मराठी कानाला आणि जिभेला ‘ध’च सोपा. राशीचं अक्षर बघत असाल, तर ‘ध’ आणि ‘ढ’ दोन्ही पूर्वाषाढाचीच अक्षरं, रास धनु, तेव्हा तिथंही वादाला जागा नाही. बाळाची रास दुसरी निघाली, तर राशीचं नाव कानात सांगा आणि हे पाळण्यात ठेवा. ती सोय आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवली आहे.

घरातला वाद लगेच मिटला नाही तरी घाई करू नका. जन्माची नोंद नावाविना झाली असली, तर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण माझं मत विचाराल, तर एवढी वाट कशाला बघायची? सूनबाईंची निवड उत्तम आहे, तीच कायम करा. आणि ते खरेदीखत पुन्हा कपाटात टाकण्याआधी त्याची एक चांगली प्रत काढून ठेवा.