जुन्या बोलेरोचा मागचा एक्सल बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न : माझी बोलेरो बरीच जुनी आहे. कडगाव, पाटगाव भागात सतत जाणं असतं. पावसाळ्यापासून मागून घोंघावल्यासारखा आवाज येतोय. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसतं. दोनदा ऑइल सील बदललं, तरी तेच. आता मिस्त्री म्हणतात, ‘अख्खा एक्सलच बदलूया.’ खरंच बदलावा लागेल का?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : एवढ्यात नको. नवं सील दोनदा टिकलं नाही, म्हणजे ते खराब करणारं कारण अजून तसंच आहे. आधी ते शोधा.

मागच्या हौसिंगवर एक लहानसा ब्रीदर असतो, तो पहिल्यांदा बघा. गाडी पळाली की हौसिंग तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखलानं तो बुजला असेल तर दाब सीलवर येतो आणि तेल तिथून वाट काढतं. उलटंही घडतं. तापलेलं हौसिंग एकदम पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. वेदगंगेवरचे निळपण, वाघापूरचे बंधारे पाण्याखाली असताना तिथं गाडी घालायचीच नाही, हे तुम्ही जाणताच. पण आपल्याकडच्या पाणंदी आणि ओढे एवढं काम करायला पुरेसे आहेत. ब्रीदर साफ करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरी तो तपासल्याशिवाय सीलं बदलली जातात याचं मला वाईट वाटतं. ब्रीदर मोकळा निघाला तर बेअरिंगचा खेळ बघा, आणि सील जिथं टेकतं तिथं शाफ्टवरून नख फिरवा. खाच लागली तर कितीही सीलं घाला, गळती थांबणार नाही.

आता आवाज. कोल्हापूर रस्त्याला मोकळा, सरळ पट्टा बघून गाडी चालवा. वेगाबरोबर वाढणारा, पण ॲक्सिलरेटर दाबला-सोडला तरी न बदलणारा घोंघाट बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. डाव्या वळणावर वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्या. ॲक्सिलरेटरबरोबर आवाज येत-जात असेल तर क्राउन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. वाकडेतिकडे झिजलेले टायरही हुबेहूब असेच घोंघावतात, म्हणून मागचे टायर पुढं टाकून बघा. आवाजही पुढं गेला तर एक्सल निर्दोष.

मग पुढच्या चाकांना दगड लावून, मागची दोन्ही चाकं भक्कम स्टँडवर उचलून ती हातानं फिरवा. दुसरा हात पाट्यावर ठेवला तर बेअरिंगची खरखर स्पष्ट जाणवते. एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये चालवू नका. दुसरं जमिनीवर थांबलं की डिफरन्शियल ते उचललेलं चाक दुप्पट वेगानं फिरवतं.

हौसिंगचं तेल काढून बघा. ड्रेन बोल्टवर बारीक करडं मलम असेल तर ती वयाची झीज आहे. चमकते तुकडे निघाले तर हौसिंग उघडायलाच हवं. तेल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय.

नुसतं बेअरिंग गेलं असेल तर ते गारगोटीतही होईल, मात्र बेअरिंग प्रेसवर बसवा, हातोड्यानं नाही. शाफ्ट वाकला किंवा चिरला असेल तर वेल्डिंग मुळीच करू नका. तो उष्णतेनं कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या आचेनं तो कडकपणा जातो. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत शाफ्ट चाकाचं वजनही पेलतो, तो तुटला की चाकच निखळतं. क्राउन-पिनियन नेहमी जोडीनं बदलतात, आणि दातांमधली फट डायल गेजवर, कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला अनुभवी हात शोधा. भरताना जीएल-५ दर्जाचं तेल घाला. जुना एक्सल विकत घ्यायची वेळ आलीच, तर क्राउन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण तुमच्या गाडीएवढंच आहे ना, ते पाहूनच पैसे द्या.

गळलेलं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये पोचलं असेल तर भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका. दोन्ही बाजूंचे नवे घाला, आणि तोवर पाटगावच्या वाटेला गाडी काढू नका.